पहिली सही कोणाची?

माझ्या बाबांच्या कारखान्याचे किस्से आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी ताटापाशी जमा होतात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझा एकही हुकत नाही!

बाबा तिथे बारा वर्षांपासून लेथ मशीन चालवतात, ठेकेदारामार्फत. दर अकरा महिन्यांनी त्यांना आठवडाभर घरी बसवतात आणि मग 'नवीन कामगार' म्हणून परत घेतात. नवीन म्हटल्यावर ट्रेनिंग आलंच. यंदा शिकवायला जो परमनंट इंजिनिअर उभा होता, त्याला लेथ बाबांनीच शिकवलं होतं. तो ओशाळून म्हणाला, "गुरुजी, आप पीछे बैठ जाइए, नहीं तो मैं सब भूल जाऊँगा!"

*

परमनंट लोकांना बूट कंपनीचे, ठेक्यावाल्यांना घरच्या चपला. बाबांच्या पायावर लोखंडाचा गरम कीस पडला. सुपरवायझरने रजिस्टरात लिहिलं, 'जखमी कोणी नाही.'

आई भडकली. "काहून? हा पाय कोणाचा आहे मग?"

बाबा म्हणाले, "ठेकेदाराचा!"

*

शाळेच्या फॉर्मवर मी बाबांची नोकरी लिहिली. मॅडमनी विचारलं, "पक्की है?"

मी हळूच म्हटलं, "बारह साल से है, मैडम."

त्यांनी सगळा फॉर्म पेनने भरला, तेवढा रकाना पेन्सिलीने.

*

मागच्या वर्षी कामगारांनी पक्क्या नोकरीचा अर्ज दिला. पहिली सही कुंडम गावच्या रामसजीवन भैयांची होती. पुढच्या वेळी 'नवीन' म्हणून परत घेताना त्यांचा गेटपास निघालाच नाही. साहेब म्हणाले, "प्रिंटर ख़राब है."

बाकी सगळ्यांचे पास त्याच प्रिंटरवर छापले होते!

*

यंदा पुन्हा अर्ज करायचं ठरलं. सगळ्यात वरची मागणी, रामसजीवन भैयांना परत घ्या. एकवीस जण आमच्या खोलीत दाटीवाटीने बसले. पण पहिली सही कोण करणार? ज्याची पहिली, त्याचा पास गेला! सगळे कागदाकडे बघून राहिले होते.

मी कंपास आणला आणि कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं. एकवीस सह्या त्यावर गोल बसल्या.

साहेबांनी तो कागद चारही बाजूंनी फिरवून पाहिला. मग एकाला केबिनमध्ये बोलावलं. "तुमसे पहले किसने साइन की?"

त्याने आपल्या डावीकडचं नाव सांगितलं. साहेबांनी त्याला बोलावलं. त्यानेही आपल्या डावीकडचं सांगितलं. असं करत दुपार झाली. शेवटी बाबा आत गेले.

"अब सच बताइए, आपसे पहले कौन था?"

"वही साहब, जिसको आपने सुबह सबसे पहले बुलाया था."