बैलावर कुणाचं नाव

मी पेंढा विकून वर आलो. कडावचा पेंढा टेंपोत भरून तबेल्यांना घालायचो, आणि दर मी म्हणेन तो. आता शूटिंगवाल्यांना माळ, बैल आणि गाड्या भाड्यानं देतो. विकणं कशाला म्हणतात आणि भाडं कशाला, हे मला कुणी शिकवू नये. म्हणूनच ही गोष्ट अजून डाचते.

एका कंपनीनं आमच्या माळावर चित्रपट केला होता. त्यात एका प्रसंगात वडील आमच्या पांढऱ्या बैलांची गाडी हाकत येतात, आंब्यापाशी वळतात आणि दिसेनासे होतात. एवढंच. चित्रपट येण्याआधी वडील गेले. पुढं लंपीच्या साथीत बैलही गेले. वडिलांचं हलतंबोलतं असं तेवढंच उरलं.

आई कोंडाण्याच्या लेण्यांजवळ जुन्या घरात राहते. कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवरून उठत नाही. चित्रपट मोबाइलवर मिळतो असं कळल्यावर तिनं माझ्यामागं धोशा लावला, "मला बैल दाव ना रं."

तिनं उभ्या आयुष्यात वडिलांचं नाव घेतलं नाही. बैल म्हणजे कोण, हे मला समजत होतं.

मोबाइलवर दोन बटणं होती. एक भाड्याचं, एक विकत घेण्याचं. मी विकत घेतला. भिसेगावात, घरच्या वायफायवर उतरवला आणि कोंडाण्याला गेलो, कारण आईच्या घरात रेंज नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मोबाइलवर काही दिसेना. म्हणून वायर लावून जुन्या टीव्हीला जोडला.

टीव्ही काळा. आवाज मात्र स्वच्छ. घुंगरं वाजली, चाक करकरलं, मग वडिलांचा आवाज आला, "हो, हो, दमानं."

आई कोपरावर उठली. "आवाज येतोय रं. बैल कुटं हाय?"

"येतोय आये, थांब."

आला नाही. मी वायर उलटसुलट केली. पेनड्राइव्हवर घातला, टीव्ही म्हणाला फाइल चालत नाही. शेवटी टेकाडावर रेंज शोधत जाऊन मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली, "सर, तुम्ही चित्रपट घेतलेला नाही. बघण्याचा परवाना घेतलाय. नक्कल होऊ नये म्हणून काही टीव्हींवर चित्र बंद राहतं."

"मग बटणावर विकत घ्या कशाला लिहिलंय?"

"सर, तुम्ही अटी मान्य केल्या आहेत."

केल्या होत्या. न वाचता. म्हैस विकायची आणि सांगायचं, दूध आमच्याच गोठ्यात बसून प्या, घरी नेऊ नका. असा सौदा कडावच्या बाजारात कुणी केला असता तर त्याच्या पाठीत काठी बसली असती. शेजारी म्हणाला, दुसऱ्या मोबाइलनं पडद्याचा व्हिडिओ काढ. मी त्याच्यावर ओरडलो. माझी विकतची वस्तू मी चोरासारखी काढू?

दिवाळीनंतर तीच कंपनी पुन्हा माळ मागायला आली. मी घासाघीस केली नाही. त्यांच्या माणसाला तिथंच शंका यायला हवी होती. करारनामा मी टाइप करून आणला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: माळ फक्त पाहण्यासाठी दिला आहे, त्याचे दृश्य कोणत्याही यंत्रात साठवून नेता येणार नाही. त्यानं न वाचता सही केली.

सकाळी कॅमेरा लागला. मी समोर खुर्ची टाकून बसलो.

"शेठ, बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय," सही करणारा तोच माणूस म्हणाला.

"बघा की माळ. पोटभर बघा. कॅमेऱ्यात भरायचा नाय."

"अहो, पैसे दिलेत आम्ही!"

"परवान्याचे. पान सात वाचा."

त्यानं वाचलं. तोंड उतरलं. नटमंडळी गाडीत बसून राहिली, ऊन चढत गेलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. तो हात जोडून म्हणाला, "काय हवंय ते बोला."

"मागच्या चित्रपटातला वडिलांचा तुकडा. पेनड्राइव्हवर. जुन्या टीव्हीला चालेल असा."

दुपारी मुंबईहून माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यांना माळ मोकळा केला आणि तसाच आईकडं गेलो. या वेळी टीव्ही उजळला. गाडी आली. वडील होते, डोक्याला पंचा, हातात कासरा. आईनं मान पुढं काढली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "बैलावर आडवं काय लिवलंय रं?"

तुकड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कंपनीचं नाव उमटवलेलं होतं. वडिलांच्या छातीवरून, बैलांच्या पाठीवरून.

"कंपनीचं नाव हाय, आये."

"बैल आपला नं? मग त्यांचं नाव कसं?"

 तिनं तुकडा पुन्हा लावायला लावला. चार वेळा बघितला.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या दोन बैलगाड्या हव्या होत्या. पहाटे उठून मी गेरू कालवला आणि चारही बैलांच्या दोन्ही अंगांवर वडिलांचं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात, आडनावासकट.

"शेठ, हे काय? पुसा ते."

"पुसायची परवानगी नाय."

"पण नाव कुणाचं हे?"

"मालकाचं."

ऊन उतरण्याआधी त्यांना काम संपवायचं होतं. बैल त्याच नावानिशी कॅमेऱ्यासमोरून नऊ वेळा गेले. पुढं कॉम्प्युटरवर त्यांनी ते खोडलं असेल तर ठाऊक नाही. तो चित्रपट मी विकत घेणार नाही.