कमरेची दोरी

समुद्रकाठचं एक शहर वादळात बुडालं होतं. तिथल्या लोकांसाठी कपडे मागत मी पाटोद्याच्या बाजारात ओरडत होतो. निजामाच्या राज्यात ओरडायलाही परवाना लागायचा; माझ्याकडे नव्हता. समुद्रही मी पाहिलेला नव्हता.

तेवढ्यात त्याच शहरातून आलेला एक माणूस पुढं झाला. त्याच्या कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला लहानगी लेक.

"पोरगी हाय का शेळी बे?" बैल धरून उभे असलेले पाटील खिदळले. त्यांनी मला चिंधीसुद्धा दिली नव्हती.

"शेळी असती तर सोडली असती," तो म्हणाला. "पाणी शिरलं तेव्हा हिला माडाला बांधली. हिच्या आईपर्यंत दोरी पुरली नाही."

पाटलांनी आपल्या बैलाचं नवं दावं सोडलं. "घे. लई लांब हाय."

त्यानं ते हातानं मापलं.

"पुरलं असतं," म्हणाला.