कढीपत्त्याची पानं गळली आणि मी जावेला बोलले

मंडळी, आज सकाळची गोष्ट सांगते.

परसात कढीपत्त्याखाली पिवळ्या पानांचा सडा पडलेला. धाकटी जाऊ शुभांगी कालच फोडणीला पानं तोडायला गेली होती. पाळी आलेल्या बाईनं हात लावला की झाड जळतं, हे लहानपणी ऐकलेलं. मी फाडकन विचारलं, "अडचण असताना हात लावलास की काय गं?"

ती खराटा घेऊन पानं झाडू लागली.

आणि मी कोण? सातवीला विज्ञान शिकवणारी बाई! थंडीच्या कोरड्या हवेत झाड पाणी वाचवायला जुनी पानं स्वतःच सोडून देतं, हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवते.

दुपारी तिला हेच समजावून सांगितलं. माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं.

ती म्हणाली, "ते मलाबी ठाऊक हाय की, आक्का. तुमास्नी ठाऊक असून माझाच हात कसा आठवला?"

आजची आमटी बिनकढीपत्त्याची झाली.

आता नेट जोडून तुम्हाला लिहायला बसलेय. हेही सोपंच आहे. ती आत भांडी घासतेय. 'चुकलं माझं' एवढं तिला जाऊन कसं म्हणू, सांगा की कुणीतरी.