कुत्रावाली गाडी

तळोद्याच्या जीप स्टँडवर जा आणि विचारा, चांदसैलीचा घाट सगळ्यात भारी कोण उतरवतं. ड्रायव्हर लोक स्वतःचंच नाव सांगतील. पण सांगताना त्यांचे डोळे कुठं जातात ते बघा. माझ्या बहिणीच्या गाडीकडं जातील. चेतना तिचं नाव. मी तिचा मोठा भाऊ, नवनीत. नववीपर्यंतच शिकलो, पण आमच्या घरासारखं तेज रक्त अख्ख्या तापीकाठी नाही, हे सांगायला दहावी लागत नाही.

चेतना लहानपणापासून एका जागी बसली नाही. आमची आई बेबीबाई म्हणायची, "हाई पोर जेवाले बठस ते बी एक पाय पळाले तयार ठेईसन." गाव तिला भांडखोर म्हणायचं. म्हणो. गावाला काय कळतं? ट्रॅक्टर तिला मी शिकवला. पुढं ती माझ्यापेक्षा सरळ सरी काढायला लागली, ते श्रेयही माझंच.

लग्न होऊन ती तळोद्यात आली. नवरा अमृत धडगाव लाइनला जीप चालवायचा. चांगला माणूस, पण कंबर गेली. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी. जीप दारात उभी राहिली. कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या. हे चेतनाला बघवेना. एक दिवस तिनं कोंबड्या हाकलल्या, सीट धुतली आणि गाडी स्टँडवर नेऊन उभी केली.

स्टँडचा कायदा असा. ज्याचा नंबर, त्याची गाडी आधी भरणार. ती भरून सुटल्याशिवाय मागच्यानं एक माणूससुद्धा घ्यायचा नाही. नंबर ठरवायचे लोटन आप्पा. पांढऱ्या मिशा, बाकड्यावर बसून अख्खी लाइन चालवणार. त्यांनी चेतनाला बघितलं आणि मान फिरवली.

"नंबर अमृतना व्हता. अमृत घर बठना, नंबर बी घर बठना."

"आप्पा, डिझेल अमृत पेस का गाडी पेस?" चेतना म्हणाली. "नंबर गाडीना शे."

ड्रायव्हर हसले. आप्पा नाही हसले. "पोळा व्हई जाऊ दे. बैठक बलावसू. तठे ठरी. तवलोंग नाकावर उभी ऱ्हाय."

नाक्यावर उभं राहायचं म्हणजे लाइनचं उरलंसुरलं घ्यायचं. कधी दोन माणसं, कधी एक बकरी. बैठकीत नंबर मिळाला नाही तर जीप विकून टाकायची, असं अमृतच्या घरचे बोलूनही बसले होते.  चेतना नुसती गाडीभोवती फिरायची, टायरला लाथ मारून हवा बघायची, आणि जरा वेळानं तीच हवा परत बघायची.

त्या दिवसांत पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई तिच्या गाडीतून डोंगरातल्या शिबिराला निघाल्या. घाटात सिमेंटचा ट्रक आडवा लागलेला. ट्रकवाला मागं घ्यायला तयार नाही. वर म्हणतो, बाई चालवते म्हणून रस्ता अडला. चेतना उतरली, ट्रकच्या दारावर चढली, चावी काढून ब्लाउजात खोचली आणि म्हणाली, "आते बोल." मग चावी परत देऊन, स्वतः मागं उभी राहून, हात दाखवत तिनं तो ट्रक वळणापर्यंत मागं न्यायला लावला. डॉक्टरीणबाईंनी तिचा फोटो काढला आणि मोबाइलवर इंग्रजीत लिहिलं, तळोद्याची फायस्टी ड्रायव्हर.

फोटो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. माझी छाती काय फुगली म्हणता! लगेच बॅनरच्या दुकानात गेलो. चेतनाचा फोटो मोठा, वर 'फायस्टी चेतनाताई', खाली शुभेच्छुक म्हणून मी, गॉगल घालून. बैठकीआधी स्टँडसमोर लावायचा, म्हणजे आप्पालाही दिसेल इंग्रजीत कोणाचं नाव निघतं ते.

दुकानवाला म्हणाला, "भाऊ, याना अर्थ काय?"

"इंग्रजी शे. भारीच व्हई."

पण विचारलं त्यानं, आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. चहा घेतला, अर्धा सोडला. शेवटी सुषमा मॅडमकडं गेलो. आमच्या गल्लीतल्याच, शाळेत इंग्रजी शिकवतात.

"चांगला शब्द आहे, दादा," मॅडम म्हणाल्या. "हिंमतवाली, कोणाला न दबणारी."

"लिहून द्या."

"पण मूळ जरा वेगळं आहे." त्या थोड्या लाजल्या. "फार जुन्या इंग्रजीत तो वारा सोडणाऱ्या कुत्र्याचा शब्द होता."

"कसला वारा?"

"पोटातला, दादा."

मी उठलो. परत बसलो.

मॅडमनी मोबाइलवर शोधून सगळं सांगितलं. आधी घाण वासाचं कुत्रं. मग कुठलंही लहान, बिनकामाचं कुत्रं. मग तिकडं अमेरिकेत लोकांनी तशाच बुटक्या कुत्र्यांना शिकारीला नेलं. खारीला झाडावर चढवून खाली भुंकत बसायचं, रानडुकरापुढूनही हटायचं नाही. त्यावरून माणसाला फायस्टी म्हणायला लागले. पहिल्यांदा चिडका, भांडखोर या अर्थानं. तारीफ फार पुढं झाली.

"आणि अजून एक," मॅडम म्हणाल्या, "हा शब्द धिप्पाड पुरुषाला कोणी लावत नाही. बाईला, म्हाताऱ्याला, बुटक्याला लावतात. ज्याच्याकडून हिंमतीची अपेक्षा नसते, त्याला."

मी धावत जाऊन बॅनर थांबवला. का थांबवला, हे दुकानवाल्याला सांगावं लागलं. तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी चेतनाची जीप स्टँडवरून निघाली आणि अख्खी लाइन भुंकायला लागली. भू, भू! एक तर म्हणाला, "काच उघडी ठेव वं चेतना, वारा सुटी!" मी त्याची कॉलर धरली. चेतनानं मला ओढून गाडीत घातलं.

घरी आल्यावर तिनं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं, आता रडेल. तिनं विचारलं, "मोठं डुक्कर उनं तरी ते कुत्रं हटस नही?"

"मॅडम तशा सांगतस."

"मंग चाल स्टीफनकडे."

स्टीफन नवापूरकडचा पेंटर. गाड्यांवर वाघ, घोडे, मोर काढतो. चेतनानं सांगितलं, गाडीच्या मागं कुत्रा काढ. त्यानं ब्रश खाली ठेवला. "ताई, वाघ काढतो ना. वाघावर माझा हात बसलेला आहे."

"कुत्रा."

"बरं. शेपटी?"

"वर."

मी मध्ये पडलो. "लोक हसतीन वं! मन्ही काही इज्जत शे का नही?"

"इज्जत लईसन फुढली सीटवर बठ दादा. मांगे रंग ओला शे."

वाघाच्या तोंडाचा, वर शेपटीचा, पिवळा कुत्रा तयार झाला. मी दोन दिवस स्टँडकडं फिरकलो नाही. मग राहवेना म्हणून बाजाराच्या दिवशी गेलो.

आता बघा काय झालं ते. डोंगरातून येणाऱ्या माणसांना सगळ्या पांढऱ्या जीपा सारख्याच. पाटी वाचणारे थोडे. चेतनाची गाडी त्यांना आवडायची, कारण ती बायकांना टपावर चढवत नव्हती, आणि रस्ता असेल तिथं पाड्यापर्यंत सोडायची. पण गर्दीत ओळखायची कशी? आता चित्र होतं.

लाइनची पहिली गाडी उभी. ड्रायव्हर ओरडतोय, "धडगाव, धडगाव, बठा!" कोणी बसेना. हिराबाई म्हणून एक म्हातारी टोपली घेऊन नाक्यावर बसलेली, तिच्यामागं सगळी सवारी.

"आजी, चाल ना. गाडी खाली शे."

"कुत्रावाली येई, मंग जाऊ."

"ती डोंगरमा गयी. कव्हय येई काय माहीत."

"येई, येई," म्हणून हिराबाईनं पाय पसरले आणि तंबाखू काढली.

पहिली गाडी भरेना. ती भरेना म्हणून दुसरीला घेता येईना. दुसरीमुळं तिसरी अडकली. आप्पांचा कायदा आप्पांच्याच गळ्यात. ड्रायव्हर एकमेकांवर ओरडायला लागले, मग सगळे मिळून आप्पांवर. मी? मी चहाच्या टपरीवर. पण एका जागी कुठला! इकडून तिकडं नुसत्या येरझारा.

तेवढ्यात धुळीतून चेतनाची जीप आली. नाक्यावरची माणसं उठली. आप्पाही उठले.

"चेतना, गाडी लाइनमा लाय."

तिनं इंजिन बंद केलं नाही. "आप्पा, नंबर कोणना?"

"बैठकमा..."

"आप्पा, बैठक आतेच शे," मागून एक ड्रायव्हर किंचाळला. "आठे सगळा उभाच शेतस!"

आप्पांनी मिशी पुसली. "गाडीना, माय. नंबर गाडीना. लाय एकदाव."

तिची गाडी मागच्या नंबरला लागली. आणि चेतना उतरून एकेका म्हातारीला सांगायला लागली, आज पहिल्या गाडीत बसा, मी पुढच्या वेळी नेते. कायदा म्हणजे कायदा. पहिली भरली, सुटली. एकेक करत तिचा नंबर आला.

"पुकारी कोन?" आप्पा म्हणाले. प्रत्येक गाडीचा एक ओरडणारा असतो. तिचा कोणी नव्हता.

माझ्यासारखा आवाज अख्ख्या तालुक्यात नाही. आमच्या शेतातून मी हाक मारली की नदीपलीकडचे बैल मान वर करतात. पण कुत्र्याचं नाव तोंडातून निघेना. चेतना हॉर्न वाजवत होती. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलेलो, आणि पहिल्या गाडीत न गेलेली हिराबाई दारात पाय ठेवून, तिची जागा मी कधी मोकळी करतो ते बघत होती.

"धडगाव, धडगाव!" मी खाली उडी मारून ओरडलो. "कुत्रावाली गाडी! चाला, कुत्रावाली गाडी!"

लाइनवाले भुंकले. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं भुंकलो.

"दादा, बठस का नही?" चेतनानं गिअर टाकला. "गाडी सुटनी!"

मी पळत जाऊन मागं लटकलो. एक हात शिडीला, एक त्या पिवळ्या कुत्र्याच्या कानावर.