गौरव, गौख आणि गौर व

र आणि व या दोन अक्षरांमध्ये किती अंतर असावं, या प्रश्नावरून माझ्या भाचीचं लग्न मोडता मोडता राहिलं. ते अंतर मी ठरवलं होतं. उणे अठरा.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. सुट्या भागांच्या कडा मोजणं हे माझं काम आणि (बायकोच्या मते) माझा स्वभावही. घरी मी चपातीचा व्यास एकदाच मोजला होता. तो विषय अजून मिटलेला नाही.

ताई उल्हासनगरला असते. तिची मैत्रेयी लहान असल्यापासून आमची आई तिला सांगायची, "तुझ्या लग्नाची पहिली पत्रिका मी माझ्या हाताने लिहिणार." म्हणजे देवापुढे ठेवतात ती. आईचं अक्षर होतंच तसं: ठसठशीत, जरा उजवीकडे झुकलेलं, गॅसवर काहीतरी ठेवून लिहायला बसल्यासारखं. मैत्रेयीचं लग्न ठरलं तेव्हा आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ताई फोनवर म्हणाली, "पहिली पत्रिका आता कोण लिहिणार रे?" आणि आयुष्यात मोजल्याशिवाय शब्द न देणारा मी बोलून गेलो, "आईच लिहील."

आईची पाककृतींची वही माझ्याकडे बदलापूरला होती. तिची पानं स्कॅन करायची, एकेक अक्षर कापून घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर आईच्या अक्षराचा फॉन्ट बनवायचा, असा बेत. वहीत क आणि ल भरपूर. ज्ञ एकही नाही, कारण ज्ञ घालून कुठलाच पदार्थ होत नाही. ष एकदाच सापडला, "विषेश सूचना" मध्ये, तोही भलत्या जागी उभा.

अक्षरं तयार झाली, पण शेजारी उभी केली की लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखी वागायला लागली. काही उगाच लांब, काही एकमेकांच्या पायावर. अशा दोन-दोन अक्षरांमधलं अंतर वेगवेगळं ठरवावं लागतं, त्याला कर्निंग म्हणतात. मी चौऱ्याण्णव जोड्यांचा तक्ता केला. र च्या उजवीकडे जागा फार मोकळी दिसते, म्हणून त्याच्या पुढचं अक्षर अठरा एककं आत ओढायचं ठरवलं. सर्वांना एकच नियम. पक्षपात नाही.

नमुना ताईला मोबाइलवर पाठवला. आईचं अक्षर दिसल्याबरोबर तिचे डोळे भरले आणि तिने तो तसाच अंबरनाथला व्याह्यांना पुढे पाठवला. (डोळे भरलेले असताना चुका दिसत नाहीत, ही नोंद मी तक्त्याखाली नंतर केली.)

संध्याकाळी व्याह्यांचा मला फोन आला. "मामा, अक्षर सुरेख आहे. फक्त एक विचारू? हा गौख कोण?"

मुलाचं नाव गौरव. र आणि व इतके जवळ आले होते की त्यांचा ख झाला होता. मी जराही न लपवता खुलासा केला. म्हणालो, "पत्रिकेतच दोष आहे. माझ्या उशिरा लक्षात आलं. ही जोडी जवळ आणली की बिघडते, थोडं अंतर ठेवलेलं बरं."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दहा मिनिटांत ताईचा फोन. "विनू, तू त्यांना काय सांगितलंस? पत्रिकेत दोष? अरे, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळलेत! त्यांची बायको रडतेय तिकडे."

त्या रात्री मी व्याह्यांना तीनदा फोन करून दोन्ही पत्रिकांमधला फरक समजावला. चूक मात्र दुसऱ्या दिवशी लगेच सुधारली: उणे अठराचं अधिक तीस केलं. आता र आणि व यांच्यात भरपूर हवा खेळत होती. फॉन्ट आणि मजकूर उल्हासनगरच्या छापखान्यात दिला आणि निश्चिंत झालो.

पण अंतर वाढल्यावर वरची रेघ तुटली होती. छापखान्याच्या मालकाला वरच्या ओळीत दिसलं, "चि. गौर व व चि. सौ. कां. मैत्रेयी." भला माणूस. पत्रिका छापून झाल्यावर फोनवर म्हणाला, "काका, 'व' गलती से दो बार आया था, मैंने एक निकाल दिया."

व्याह्यांनी या वेळी मला नाही, थेट ताईलाच कळवलं: आधी गौख, आता गौर, आमचा मुलगा दर खेपेला थोडा कमी होतोय.

ताई बदलापूरला आली. चहाही न घेता वही मागितली, बोटाने एक ओळ दाखवली. "आई आधी अख्खा शब्द लिहायची. रेघ शेवटी, डोक्यावरून एकदम. बांगडी घासायची कागदावर, आठवतंय? तू प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी कापलीस." मग हळूच म्हणाली, "आईची रेघ तोडलीस रे तू."

मी पुन्हा कॉम्प्युटर लावला.

र ची रेघ उजवीकडे लांबवली. खाली अंतर राहिलं, वर रेघ सलग झाली. गौरव पूर्ण दिसू लागला. नव्या पत्रिका आल्या, पहिली आम्ही देवापुढे ठेवली. ताईने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मैत्रेयीला म्हणाली, "आजीने लिहिलीय."

सगळं पार पडल्यावर मी आधी करायला हवं होतं ते केलं. आईने स्वतः र आणि व यांच्यात किती अंतर ठेवलंय, ते मोजलं. वहीत ही जोडी अकरा ठिकाणी आहे, सगळीकडे रवा या शब्दात. अकराही ठिकाणी अंतर शून्य. शिरा सुरू होतो "दोन वाट्या खा" असा. उपम्यात "खा मंद आचेवर भाजावा." म्हणजे माझी पहिली चूकच आईच्या अक्षराशी सर्वांत इमानदार होती. आणि शेवटच्या पानावर, ठळक, एका सलग रेघेखाली: "खा लाडू."

मी ते पान पुष्कळ वेळ बघत बसलो. ती जेवायला वाढताना असंच बोलायची, कमी शब्दांत.

साखरेमुळे डॉक्टरांनी माझे लाडू बंद केलेत. पुढच्या तपासणीला मी ते पान घेऊन जाणार आहे. बायको म्हणते, तिथे स्वच्छ रवा लिहिलंय. पण माझं काम मोजायचं, आणि अंतर मी तीनदा मोजलंय.