शेंगदाण्याचे दूध

लढाईच्या काळात एकदा वडिलांना हिवतापाने पाडले. ताप उतरला, पण अंगात त्राण उरले नाही. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाचा दोर ते दरवर्षी धरत. यंदा धरता येईल का, याचाच त्यांना घोर. डॉक्टर म्हणाले, भरपूर दूध द्या. आमची म्हैस नेमकी आटलेली.

त्याच सुमारास सांगलीत एका सरकारी साहेबांचे व्याख्यान झाले. शेंगदाणे भिजवा, वाटा, गाळा, की झाले दूध. त्यात ताक घातले की प्रथिन फाटून वेगळे होते. ते खाऊन माणूस धट्टाकट्टा. मी उभा राहून विचारले, "दाणे कोणत्या जातीचे? कसे वाळवलेले?"

"दाणा तो दाणा," साहेब म्हणाले आणि म्हशीच्या दुधाचा चहा प्याले.

मला तोलल्याशिवाय काही पटत नाही. घरी काटा मांडला. पहिले दूध तांबूस निघाले, ताक घालूनही धड फाटेना. बायकोने दाणे भाजून दिले होते.

"आवं, कच्च्या दाण्यानं मामंजींना पित्त हुईल. भाजल्याबिगर कुणी कूट करतं व्हय?"

आमच्याकडे खरेच कोणी करत नाही. उरलेल्या भाजक्या दाण्यांची परात मी ओसरीवर सरकवली आणि कच्चे दाणे घेतले. तापल्या पत्र्यावर वाळवलेल्या शेंगांतून जेमतेम लिंबाएवढा गोळा निघाला. सावलीत वेलासकट टांगून वाळवलेल्या तेवढ्याच दाण्यांतून जवळजवळ दुप्पट. हे झाले उभ्या वाढणाऱ्या उपट्या जातीचे. जमिनीवर पसरणारी जात अजून तोलायची होती.

वडील ओसरीवर बसून बघत.

"काय रं, दूध कवा मिळणार?"

"आबा, पसऱ्या शेंगा वाळायच्यात अजून. दोन्ही जाती ताडून बघतो, मग देतो."

"मग देवाला सांग, रथ जरा थांबीव म्हणून."

शेवटी दोन्ही जातींत सरस ठरलेले दूध वाटीत घेऊन गेलो. आबांनी वास घेतला आणि वाटी माझ्याकडेच सारली.

"तूच पी. लय वाळलायस."

ओसरीवरची परात रिकामी होती. माझे तोलणे-ताडणे चालू असताना आबा रोज गुळाच्या खड्याबरोबर मूठ मूठ भाजके दाणे चावत होते. प्रथिन दाण्यातच ठेवून.

म्हसवडला रथ हलला तेव्हा आबांच्या दोन्ही मुठी दोरावर होत्या. मागे वळून ओरडले, "बघतोस काय गड्या, धर की!"

धरला. दोन हिसक्यांत मला धाप लागली.