एकदम उलटलेली दोन पानं

लेखिकाबाईंच्या कादंबरीला देशातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा गल्लीभर आनंद झाला. धास्तावली ती एकटी इस्त्रीवाली.

वीस वर्षं ती बाईंच्या कपड्यांना इस्त्री करत होती. पोचवायला गेली की बाई बसायला स्टूल द्यायच्या, हातात चहा द्यायच्या आणि मऊ आवाजात विचारायच्या, "मग पुढं काय झालं?" गरम इस्त्रीखाली सुरकुती सुटावी तशी तिची जीभ सुटायची. अशाच एका दुपारी ती बोलून गेली होती, की मुलाचा बाप मेलेला नाही. तीच पोराला कडेवर घेऊन त्याच्या घरातून निघून आली. मुलाला हे आजवर ठाऊक नव्हतं.

"एवढं बक्षीस काय उगाच मिळतं?" ती पुटपुटली. "कुणाच्या तरी घरातलं उचललं असणार."

तिला वाचता येत नव्हतं. मुलगा ट्रक घेऊन बाहेरगावी जाताच तिनं पुस्तक आणवलं आणि सुनेला समोर बसवलं.

"वाच. एक अक्षर गाळायचं नाही."

"आई, परीक्षा आहे का माझी?"

"वाच म्हटलं ना!"

चार दिवस सून वाचत होती आणि ही कान टवकारून इस्त्री फिरवत होती. पुस्तकात एक पूर येऊन गेला, दोन माणसं मेली. हिचं काही येईना. तरी संशय निवळेना. पाचव्या दिवशी, वीसेक पानं उरली असताना, पान उलटल्याचा आवाज जरा जाड आला. जन्मभर घड्या घातलेली बाई ती. एक पदर की दोन, डोळे मिटून सांगायची.

"दोन पानं उलटलीस."

"चिकटली असतील."

"नवंकोरं पुस्तक चिकटतंय? मागं घे."

"झाडांचं वर्णन आहे हो नुसतं."

"मग झाडांचं वाच."

सुनेचा चेहरा उतरला. इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली. हिला कळलंच म्हणायचं, आता मुलाच्या कानावर जाणार.

सून वाचू लागली. "तिनं पिशवी भरली. नवऱ्याला चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. बस आली, बस गेली. ती बाकावर बसूनच राहिली. मग घरी येऊन तिनं दोरीवरचे कपडे काढले."

हे आपलं नाही. मग कुणाचं?

"माझं आहे," सून मान खाली घालून म्हणाली. "तुमचे गुडघे धरल्यापासून कपडे मीच पोचवते ना. बाईंनी स्टूल दिलं, चहा दिला... आई, यांना सांगू नका."

"मेलं ते स्टूल!" इस्त्रीवाली म्हणाली. मग तिनं सुनेच्या हातातलं पुस्तक मिटलं. "तू परत आलीस. मी नव्हते आले."

"कुठून?"

"उरलेल्या पानांत काय निघेल कुणास ठाऊक. त्याआधी मीच सांगते. पण आधी ते दार लोटून घे."